ताडी, मिशेरी आणि टाके

“दारू पिता का?” मोठं ऑपरेशन ठरलं की केस पेपरवर हा प्रश्न असतोच. डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावरून आलेला पन्नाशीचा माणूस “नाही” म्हणतो आणि सिस्टर पुढच्या रकान्याकडे वळतात. माणूस खोटं बोललेला नसतो. तो रोज ताडी पितो, पण ताडीला तो दारू म्हणत नाही. ताडी झाडाची, दारू भट्टीची किंवा बाटलीची. सणाला, लग्नाला, कामावरून दमून आल्यावर घरातली जाणती माणसं ती उघडपणे बसून पितात. तिच्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच नाव घेऊन विचारल्याशिवाय कुणी तिचा उल्लेखही करत नाही.

ऑपरेशन नीट पार पडतं. पण रोजच्या मद्यार्काची सवय झालेल्या शरीराला तो अचानक मिळेनासा झाला, की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, नाडी धावते, झोप उडते. सवय जुनी आणि जास्त असेल तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम सुरू होऊ शकतो. माणूस सलाईन उपसतो, पोटातली नळी ओढतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात म्हणून ओरडतो. नातेवाइकांना वाटतं बाहेरचं काही लागलं. वॉर्डला वाटतं जंतुसंसर्ग वाढला किंवा भूल नीट उतरली नाही. हा भ्रम जिवावर बेतू शकतो आणि बऱ्याचदा तो टाळता येतो. “ताडी घेता का बाबा? माडी? मोहाची? दिवसातून किती वेळा? शेवटची कधी घेतलीत?” एवढं आधी कळलं, तर डॉक्टर वेळेत औषध सुरू करतात, थायमिन हे जीवनसत्त्व देतात, आणि पहिले चार दिवस सिस्टर दर काही तासांनी त्या माणसाचे हात समोर धरायला लावून थरथर पाहतात.

तीच गोष्ट मिशेरीची. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला बाई मान हलवून नाही म्हणते. ती तंबाखू खात नाही. भाजलेल्या तंबाखूची मिशेरी सकाळी, दुपारी, रात्री दातांना लावते. तिच्या हिशेबी ते दात घासणं झालं. निकोटिन मात्र रक्तात जायचं ते जातंच. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडांना प्राणवायू कमी मिळतो, टाके सांधायला वेळ लागतो. ऑपरेशननंतर दोन दिवस चिडचिड करणारी, डोकं दुखतं म्हणणारी ही बाई “त्रास देणारी पेशंट” ठरते, कारण तिची मिशेरीची डबी घरी राहिली हे कुणालाच ठाऊक नसतं.

रुग्णाची संस्कृती ओळखून केलेली शुश्रूषा म्हटलं की आपल्याकडे लगेच देवाचा फोटो, शाकाहारी जेवण आणि प्रार्थनेची वेळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. तेही हवंच. पण माझ्या मते हा विषय सौजन्याचा नंतर आहे, आधी तो उपचाराचा आहे. माणूस कोणत्या शब्दांत जगतो हे माहीत नसेल तर त्याच्या शरीरात काय चाललंय हेही अर्धंच कळतं.

हे पालघर-बोईसर पट्ट्यात जितकं ठळक दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि त्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे ३७ टक्के: वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, धोडिया, दुबळा, आणि विशेष असुरक्षित गणल्या गेलेल्या कातकऱ्यांची वस्ती. किनाऱ्यावर सातपाटी, दांडी, नवापूरकडे मांगेला, वैती, भंडारी, केळवे-माहीम-चिंचणीत वाडवळ, डहाणू-बोर्डीकडे चिकूच्या वाड्यांचे पारशी आणि इराणी, वसईत कॅथलिक. १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं आणि त्याच्या वसाहतीत भारतभरचे तंत्रज्ञ आले. बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. तिच्यातल्या रसायन, औषध, पोलाद आणि कापड कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे तरुण शिफ्टमध्ये राबतात. यातली कोणतीही चार माणसं एकाच शस्त्रक्रिया वॉर्डात शेजारच्या खाटांवर असू शकतात. त्यांची शुश्रूषा करणारी सिस्टर लातूरची, नागपूरची किंवा केरळची असू शकते. तिच्या कॉलेजातली प्रमाण मराठी वारली आजीला जेमतेम कळते आणि आजीची बोली तिला.

संस्कृती ओळखून शुश्रूषा करण्याला शास्त्राचा दर्जा मिळवून दिला मॅडलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेने. १९५०च्या दशकात सिनसिनाटीत मनाने अस्वस्थ असलेल्या मुलांची देखभाल करताना तिला दिसलं, की वेगवेगळ्या समाजांतून आलेली मुलं एकाच प्रकारच्या मायेला एकसारखा प्रतिसाद देत नाहीत. उत्तर शोधायला ती मानववंशशास्त्र शिकली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत गॅडसप लोकांमध्ये जाऊन राहिली. १९७४मध्ये तिने या विषयाची संस्था काढली. तिची मांडणी थोडक्यात अशी: रुग्णाच्या काही प्रथा जशाच्या तशा राखाव्यात, काहींत दोघांनी मिळून फेरफार करावा, आणि ज्या जिवाला घातक त्या बदलायला त्याला मदत करावी. वॉर्डातलं खरं कौशल्य मधल्या प्रकारात पणाला लागतं.

वेदनेपासून पाहू. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुखणं आटोक्यात ठेवणं हे केवळ दयेचं काम नाही. पोटावरचा टाका दुखतो म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकायला घाबरतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. दुखतंय म्हणून तो उठत नाही, आणि पडून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून सिस्टर विचारतात, “शून्य ते दहात किती दुखतंय?” शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न परका आहे. तोच प्रश्न “रुपयात किती आणे दुखतंय?” असा विचारला की म्हातारी पटकन सांगते, “बारा आणे.” बारा आणे म्हणजे दहापैकी साडेसात, नोंद झाली, औषध मिळालं.

पण पुष्कळदा उत्तर “नाय दुखत” एवढंच येतं. त्याची मुळं खोल आहेत. या भागातल्या वारल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांची वेठ केली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही गडी म्हणून बांधली जात. वारल्यांच्या १९४५च्या लढ्याने ती वेठ मोडली. त्या लढ्याचं पुढारपण करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते जग नोंदवून ठेवलंय. पण पॅंटवाल्या, कागदवाल्या माणसापुढे “हो” म्हणून मोकळं व्हायची सवय एका पिढीत जात नाही. पांढरा कोट आणि हातातलं पॅड पाहिलं की तीच सवय बोलते. सगळं समजलं का? हो. दुखत नाही ना? नाही. म्हणून अशा रुग्णाच्या तोंडाकडे कमी आणि अंगाकडे जास्त पाहावं लागतं: कूस बदलताना श्वास रोखतो का, कपाळ आक्रसतं का, पाय पोटाशी घेऊन पडलाय का, जेवणाचं ताट तसंच आहे का. आणि “समजलं का?” ऐवजी “घरी गेल्यावर वहिनीला काय सांगाल, मला सांगा बघू,” असं विचारावं. काय पोचलं नि काय नाही, ते या एका प्रश्नात उघड होतं.

इथेच सिकलसेलचं सांगायला हवं, कारण या जिल्ह्यात वेदनेचा हा एक वेगळा अर्थ असू शकतो. पश्चिम आणि मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी घटलं किंवा थंडी वाजली की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. शस्त्रक्रियेत या तिन्ही गोष्टी सहज घडतात: उपाशी ठेवलेला रुग्ण, थंडगार ऑपरेशन थिएटर, भुलेनंतरचा मंद श्वास. आजार असलेल्या रुग्णाला गरम पांघरूण, पुरेशी सलाईन आणि प्राणवायूवर नजर ही शुश्रूषा जीव वाचवणारी ठरते. आणि टाके पोटावर असताना माणूस “हाडं ठणकतात” किंवा “छाती भरून आली” म्हणाला, तर ती कुरकुर समजून सोडता येत नाही. छातीतली गंभीर गुंतागुंत ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत उद्‌भवू शकते. १ जुलै २०२३ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्यात. तरी “घरात कुणाचे सांधे सारखे सुजतात का, कुणाला वारंवार रक्त चढवावं लागलं का,” हे ऑपरेशनआधी विचारणं सुटू नये.

आता जेवण. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत एक पक्की समजूत आहे, की भात, तुरीची डाळ, आंबट किंवा मासे खाल्ले तर टाके पिकतात. त्यामुळे ज्या दिवसांत शरीराला ऊती सांधायला सर्वाधिक प्रथिनं हवीत, नेमक्या त्याच दिवसांत रुग्ण पेज आणि बिस्किटावर राहतो. पू होतो तो जंतूंमुळे, डाळीमुळे नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. किनाऱ्यावरच्या घरात ती भरून काढायला ताज्या माशाच्या पातळ कालवणाइतकी सोपी आणि स्वस्त गोष्ट नाही, आणि नेमकं तेच बंद केलेलं असतं! डोंगराकडे नागलीची भाकरी किंवा आंबील, उडदाची डाळ, अंडं, सुकी मासळी (मीठ चालणार असेल तर) हे हाताशी असतं. प्रोटीन पावडरचा डबा लिहून देण्यापेक्षा ही नावं लिहून देणं जास्त उपयोगाचं.

सासूबाई “डाळ नको” म्हणाल्या तर त्यांना अडाणी ठरवून वाद घालायचा नाही. तुरीला हरकत आहे ना, मग मुगाची चालेल का? मासे नकोत, मग अंडं? बहुतेक घरांत मुगाला माफी असते. अशी तडजोड करणारी सिस्टर दोन दिवसांत जे साधते ते भिंतीवरच्या तक्त्याने वर्षभरात होत नाही. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की रुग्णाला लवकर खायला घालणं, लवकर चालवणं आणि वेदना नीट आटोक्यात ठेवणं यांनी माणूस लवकर घरी जातो. त्यानंतर “वारा सरेपर्यंत तोंडात काही नाही” हा रुग्णालयांचा स्वतःचा जुना नियमही सैल झाला. म्हणजे बदलायच्या समजुती फक्त रुग्णाच्याच असतात असं नाही.

जैन रुग्णाचं गणित वेगळं. कंदमुळं नकोत हे सगळ्यांना ठाऊक असतं. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम मात्र रात्री नऊच्या गोळीच्या वेळी समोर येतो. भरती करतानाच हे कळलं तर औषधांच्या वेळा पुढेमागे करता येतात किंवा तेवढा डोस शिरेतून देता येतो. मुस्लीम रुग्ण रमजानमध्ये रोजा सोडायला नाखूश असेल तर आजाऱ्याला धर्मानेच सूट दिली आहे, ही आठवण सिस्टरने करून देण्यापेक्षा घरच्या वडीलधाऱ्याने दिलेली बरी.

गळ्यातलं आणि हातातलं काय करायचं, हा थिएटरच्या दारातला वाद. विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करताना अंगावरच्या धातूने भाजण्याचा धोका असतो, सुजलेल्या बोटात अंगठी रुतते, म्हणून दागिने काढायला सांगतात. पण सौभाग्यवतीच्या गळ्यातलं मंगळसूत्र ऑपरेशनला जाताना उतरवणं म्हणजे तिच्या मनात अपशकुनच. ते नवऱ्याच्या हातात देऊन गळ्यात किंवा मनगटाला हळदीचा साधा दोरा बांधू दिला तर धातू जातो आणि धीर राहतो. भगताने, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूने, दंडावर बांधलेला काळा दोरा शस्त्रक्रियेच्या जागेपासून लांब असेल तर कापण्याचं काहीच कारण नाही. चिकटपट्टीखाली झाकता येतो. झरतोश्ती (पारशी-इराणी) रुग्णाची सदरा-कस्ती, म्हणजे पवित्र सदरा आणि कमरेचा दोरा, काढताना त्याला प्रार्थनेला पाच मिनिटं द्यावीत आणि ती नातेवाइकांकडे जपून सोपवावी. रडणाऱ्या बाईच्या दंडावरचा दोरा कात्रीने कचकन कापून केराच्या बादलीत टाकला जातो तेव्हा मला खरोखर राग येतो. त्या क्षणी रुग्णालयाने त्या घराचा विश्वास गमावलेला असतो आणि पुढच्या वेळी ते लोक उशिरा येतात.

भगताला आधी विचारायचं म्हणून सही थांबवली जाते तेव्हाही असंच. तातडी नसेल तर एका दिवसाने काही बिघडत नाही, आणि भगताने “जा” म्हटलं की तोच आपला मदतनीस होतो. फुटलेलं आंत्रपुच्छ किंवा रक्तस्राव असेल तर मात्र थांबता येत नाही. तिथे स्पष्ट सांगायचं, की भगताला इथेच बोलवा, आम्ही तोवर तयारी करतो. टाक्यांवर वाटलेला पाला लावणं ही लायनिंगरच्या तिसऱ्या, म्हणजे बदलायच्या, प्रकारातली गोष्ट. तिथे नाहीच म्हणायचं, पण पाला पायाच्या तळव्याला लावला तर आमची हरकत नाही, असा मार्ग निघू शकतो.

आपल्या वॉर्डांत सर्वाधिक होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक म्हणजे सिझेरियन, आणि तिथे संस्कृती पाचव्या दिवशी हमखास दारात उभी राहते. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत राहणं आणि जेवण मोफत आहे. बाळाची पाचवी नेमकी त्या मुदतीत येते. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येणार त्या रात्री बाळ-बाळंतीण घरी नाहीत, ही कल्पनाच आजीला सहन होत नाही, आणि टाके ओले असताना “सही देऊन नेतो” म्हणून हट्ट सुरू होतो. रुग्णालयातच छोटी पूजा होऊ द्यावी: पाटा-वरवंट्याऐवजी सुपारी, कोरा कागद नि पेन, हळदकुंकू. दिवा आणि उदबत्ती मात्र वॉर्डात नको, कारण प्राणवायूचा सिलिंडर शेजारी आहे. हे कारण सांगितलं की लोक ऐकतात. शेक-शेगडीचंही तसंच. उबेची गरज खरी आहे, धूर बाळाच्या फुफ्फुसाला वाईट. गरम पांघरूण, डोक्याला बांधायला फडकं, बाळ आईच्या छातीशी.

बायकांच्या लाजेबद्दल फार लिहायला नको, करायला हवं. ड्रेसिंगच्या वेळी पडदा ओढणं, पाठीमागे उघड्या गाऊनवर स्वतःचं लुगडं गुंडाळू देणं, लघवीची नळी काढताना जवळ बाईच असणं. तरुण परप्रांतीय कामगाराचीही अशीच लाज असते, ती कुणी विचारात घेत नाही.

मात्र जातवार तक्ता करून भिंतीवर टांगू नये. वारली म्हणजे ताडी, कोळी म्हणजे मासे, असं धरून चाललं की विचारणं पुन्हा बंद होतं. वारकरी माळ घातलेला कोळी मासे शिवत नाही. पुष्कळ वारली घरांनी ताडी कधीच सोडली. विचारायचं या माणसाला, त्याच्या समाजाला नव्हे.

आणि शेवटी डिस्चार्ज कार्ड. “जड काम टाळावे, सात दिवसांनी दाखवावे.” भरलेला हंडा सहज पंधरा किलोचा होतो, सरपणाची मोळी त्याहून जड, पण दोन्ही रोजचंच, म्हणून बाईच्या मते ते जड काम नाहीच. तेव्हा तिला हंडा, कळशी, मोळी, दळण अशी नावं घेऊन दीड महिना बंद सांगावं, आणि सांगावं ते नवऱ्याला नि सासूला समोर बसवून, कारण पाणी कुणीतरी आणावंच लागणार. जुलैत आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस असतील तर ओल्या टाक्यांनी चिखलात उतरायचं नाही हे वेगळं सांगावं. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर किंवा रेतीबंदरावर जातात. त्यांना पाड्याचा पत्ता न विचारता भट्टी कुठे आहे ते विचारलं तर टाके काढायला जवळचं आरोग्य केंद्र सुचवता येतं, किंवा आपोआप विरघळणारे टाके घालायची विनंती सर्जनला आधीच करता येते. पुढची तारीख आकड्यात लिहावी आणि तोंडाने बाजाराच्या वारावर सांगावी.

तारापूरच्या कामगाराचं घर म्हणजे शिफ्टने झोपणाऱ्या सहा जणांची खोली, उकिडवं बसायचा संडास आणि रांग. पोटाच्या किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतर त्याला गावी जायचं असतं, आणि गाव दीड-दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर असतं. त्याला दर दोन तासांनी डब्यात उठून चालायला, बसल्या जागी पोटऱ्या हलवायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगावं लागतं. गावाकडच्या डॉक्टरसाठी काय ऑपरेशन झालं, टाके कोणते नि कधी काढायचे याची चिठ्ठी हिंदीत द्यावी लागते.

यासाठी वेळ लागतो, आणि रात्रपाळीत चाळीस खाटांमागे एक सिस्टर असेल तर तो कुठून आणायचा, हा प्रश्न तिला विचारू नये. तिची नेमणूक करणाऱ्यांना विचारावा. तोवर होण्यासारखं पुष्कळ आहे. भरतीच्या छापील कागदावर ताडी, मिशेरी, बोली, पथ्य आणि दिवाळीनंतरचा मुक्काम असे पाच रकाने वाढवायला खर्च नाही. वॉर्डातल्या मावशी आणि मामा बहुधा इथलेच असतात. त्यांना बोली येते, पण केस पेपरवर लिहिताना त्यांना कुणी विचारत नाही. पाड्यावरची आशाताई टाके पाहू शकते, फक्त तिला फोन जायला हवा. याच भूमीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५पासून आणि पुढे कोसबाडला नेमकं असंच काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा अंगणात आणि कुरणावर नेली.